जुनी लिंकन, जुनी कॅडिलॅक : स्वतः बाळगलेल्या गाड्यांच्या आठवणी

मिशिगनकर (धागाकर्ता) :

ज्यांनी जुनी अमेरिकी आलिशान गाडी स्वतः बाळगली, त्यांनी आपल्या आठवणी लिहाव्यात या हेतूने हा धागा काढत आहे. संग्रहालयात पाहिलेल्या किंवा लग्नात भाड्याने आणलेल्या गाड्यांबद्दल लिहायला हरकत नाही. पण गाडी आपल्या नावावर असणे, तिचा विमा आपण भरणे आणि वेळ आली की तिच्याखाली आपणच पाठीवर आडवे होणे, यातून जे कळते ते मला अधिक ऐकायचे आहे. सुरुवात मीच करतो.

माझ्याकडे फोर्ड कंपनीची १९६४ सालची लिंकन कॉन्टिनेंटल होती. चार दारांची, बंद छपराची, गडद निळी. डेट्रॉइटच्या वायव्येला विक्सम येथे फोर्डचा जो कारखाना १९५७ पासून २००७ पर्यंत चालला, तिथे ती तयार झाली होती. मी राहतो ते गाव तिथून जवळच असल्यामुळे पेट्रोल भरायला थांबलो की एखादे निवृत्त कामगार आजोबा हमखास जवळ येत, आणि चित्राकडे पाहावे तसे गाडीकडे न पाहता थेट दाराच्या फटीवरून बोट फिरवत. फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, हे त्यांना बघायचे असे.

या गाडीची जन्मकथा तिच्या मालकाला माहीत असावी, असे मला वाटते. १९५८ ते १९६० या वर्षांतल्या लिंकन गाड्या सुमारे १९ फूट लांब होत्या आणि त्यांनी कंपनीला मोठे नुकसान दिले. लिंकन हे नावच बंद करावे की काय, असा विचार फोर्डमध्ये चालू होता. त्याच सुमारास फोर्डचे रचनाकार एलवुड एंगल यांनी फोर्डच्याच नव्या थंडरबर्ड गाडीसाठी तयार केलेला मातीचा नमुना फोर्डचे वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट मॅकनमारा यांनी पाहिला आणि हाच आकार चार दारांचा करून लिंकनसाठी वापरता येईल का, असे विचारले. हे तेच मॅकनमारा, जे १९६१ च्या जानेवारीत केनेडींच्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री झाले. त्यातून १९६१ ची कॉन्टिनेंटल निघाली. आधीच्या गाडीपेक्षा ती सव्वा फुटाने आखूड होती. मागे पंखांसारखे उभे पत्रे नव्हते, क्रोमचा नक्षीपसारा नव्हता, बाजूच्या सपाट पत्र्यावर फक्त वरच्या कडेने जाणारी एक चकचकीत पट्टी होती. पहिल्या वर्षी २५,१६४ गाड्या तयार झाल्या. जनरल मोटर्सच्या कॅडिलॅकच्या तुलनेत हा आकडा लहान आहे, पण लिंकन वाचली ती याच गाडीमुळे. माझ्या १९६४ च्या गाडीपर्यंत पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर १२३ वरून १२६ इंचांवर गेले होते आणि मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना थोडी अधिक मोकळीक मिळाली होती.

१९६१ पासून कंपनीने या गाडीला दोन वर्षे किंवा २४,००० मैलांची हमी दिली, जी त्या काळात अमेरिकेत कोणी देत नव्हते. ती देता यावी म्हणून प्रत्येक इंजिन मिनिटाला ३,५०० फेऱ्यांवर तीन तास चालवून तपासले जाई आणि तयार झालेली प्रत्येक गाडी बारा मैल रस्त्यावर फिरवून मगच बाहेर पडे. विक्रेत्याकडे उभ्या असलेल्या ग्राहकाला यातले काहीच दिसत नसे. या गाड्यांची श्रीमंती मला नेमकी इथे दिसते. कष्ट सगळे झाकलेले असतात. सात लिटरचे व्ही-८ इंजिन बॉनेटखाली चालू आहे की बंद, हे सिग्नलला थांबल्यावर बाजूच्या माणसाला कळत नाही. वायपरला विजेची मोटरसुद्धा नाही. स्टीअरिंग हलके करणाऱ्या पंपाच्या तेलाच्या दाबावर ते चालतात, त्यामुळे त्यांची हालचाल अगदी सावकाश आणि बिनआवाजी असते. प्रवाशाने फक्त बसायचे. आणि मालकाने मात्र हे सगळे कुठून कसे चालते, याचा शोध घेत वर्षे घालवायची. मला तरी खरा आनंद त्या शोधातच मिळाला.

मागच्या दारांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला आहेत, म्हणजे पुढचे आणि मागचे दार एकमेकांकडे पाठ करून कपाटासारखे उघडते. साताऱ्याहून आई आली होती तेव्हा तिचे गुडघे फार दुखत होते आणि आमच्या रोजच्या जपानी गाडीत बसताना तिला आधी मान वाकवून, मग पाय आत ओढून घ्यावा लागे. लिंकनमध्ये ती सरळ पुढे चालत येई, वळून बसे आणि पाय आत घेई. "ही गाडी माणसांसाठी केलेली दिसते," असे ती म्हणाली. चाकांमधले अंतर कमी झाल्यामुळे नेहमीच्या पद्धतीच्या दारातून उतरताना पाय अडखळत, म्हणून अभियंत्यांनी दार उलटे केले, असे सांगितले जाते. कोणतेही दार नीट लागलेले नसेल तर चालकासमोर दिवा लागतो आणि तो दिवा चालू स्थितीत ठेवणे हे मालकाचे पहिले कर्तव्य समजावे, कारण उलटे दार धावत्या वाऱ्यात सापडले तर मिटत नाही, फाकते.

आता इतरांनी लिहावे.

सांजवेळ :

धागा वाचून फार बरे वाटले. माझी आठवण मालकाची नाही, मालकाच्या मुलीची आहे. चालेल असे गृहीत धरते.

बाबा सत्तरच्या दशकात क्लीव्हलँडला आले. आमची १९७७ ची कॅडिलॅक सेडान डी व्हिल त्यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कोणाकडून तरी वापरलेली घेतली. पेट्रोल महागल्यामुळे मोठ्या गाड्या लोक अक्षरशः फुंकून टाकत होते आणि नवीन छोट्या गाडीच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी पैशांत ही मिळाली. बाबा हिशेबी होते. वर्षाला पेट्रोलवर किती जास्त जातील आणि किमतीत किती वाचतील, हे त्यांनी वहीत मांडून मगच निर्णय घेतला होता. ती वही अजून आहे. काकांना मात्र त्यांनी पत्रात फक्त "कॅडिलॅक घेतली" एवढेच लिहिले, हिशेब लिहिला नाही.

१९७७ हे कॅडिलॅकचे पंच्याहत्तरावे वर्ष होते आणि त्याच वर्षी कंपनीने आपल्या मोठ्या गाड्या आखूड केल्या. इंजिन ८.२ लिटरवरून सात लिटरवर आले, लांबी नऊ-साडेनऊ इंचांनी आणि वजन सुमारे ९०० पौंडांनी घटले. तरीही ती गाडी १८ फुटांहून लांब होती, तेव्हा आखूड म्हणताना आजही हसू येते. पुढचे आसन अखंड होते आणि गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खांबावर होता. आम्ही तिघी बहिणी. सर्वांत धाकटी पुढे, आईबाबांच्या मधे बसे आणि दोघी मागे. नायगाराला जाताना मागच्या आसनावर आम्ही दोघी आडव्या झोपू शकत होतो. पोळ्यांचे डबे, पाण्याची बरणी, दोन छत्र्या आणि आजीची घडीची खुर्ची डिकीत टाकूनही वर जागा उरत असे.

माझी सर्वांत लाडकी गोष्ट म्हणजे ते छोटे दिवे. पुढच्या दोन्ही मडगार्डांवर एकेक लहानशी डबी होती. पुढचा दिवा किंवा वळणाचा दिवा लागला की प्रकाश वाहून नेणाऱ्या तंतूमधून त्याचाच प्रकाश त्या डबीपर्यंत येई आणि चालकाला जागेवरून कळे की दिवा खरोखर लागला आहे. मागच्या दिव्यांसाठी तशीच खूण मागच्या काचेजवळ होती. ती बाबांना आरशात दिसे आणि आम्हाला मान वळवली की थेट दिसे. वेगळा बल्ब नाही, तार नाही, दिवा गेला की ठिपकाही गेला. मी पुढे अभियांत्रिकीला गेले ते या ठिपक्यांमुळे, असे म्हणणे नाटकी होईल. पण अशा प्रकाशतंतूंचा धडा वर्गात आला तेव्हा मला तो नवा वाटला नाही, एवढे खरे.

गॅरेजवाला :

मिशिगनकर, बंद छपराची गाडी घेऊन आपण सुखात राहिलात! माझ्याकडे १९६३ ची उघड्या टपाची कॉन्टिनेंटल आहे आणि झाकलेल्या कष्टांबद्दल आपण जे लिहिले त्याचा कळस म्हणजे तो टप.

साठच्या दशकात अमेरिकेत चार दारांची उघड्या टपाची गाडी दुसरी कोणी बनवत नव्हते. आपण एक बटण दाबतो. आधी डिकीच्या झाकणाचे मळसूत्री आडणे मोटरने सुटतात, मग झाकण तेलाच्या दाबाने वर उठते, पण नेहमीच्या उलट दिशेने, कारण त्याच्या बिजागऱ्या मागच्या बंपरच्या बाजूला आहेत. मग टप पुढच्या काचेच्या चौकटीपासून सुटतो, उभा राहतो, घडी होत होत डिकीत शिरतो आणि झाकण पुन्हा बसते. टपाचे नावनिशाण उरत नाही. बाहेरच्याला वाटते की या गाडीला टप कधी नव्हताच. फोर्डने आधी स्कायलायनर नावाच्या गाडीत पत्र्याचे छप्पर असेच डिकीत घातले होते आणि त्या कामाचा अनुभव इथे उपयोगी पडला.

या साखळीत प्रत्येक पायरी पुरी झाल्याशिवाय पुढची सुरू होत नाही. प्रत्येक टोकाला एक मर्यादा-स्विच आहे, तो दाबला गेला की रिले (विजेनेच चालणारा दुसरा स्विच) बदलतो आणि पुढच्या मोटरला वीज जाते. संगणक वगैरे काही नाही. गाडीचे सगळे शहाणपण त्या रिलेंमध्ये आहे. त्यामुळे टप अर्ध्यावर थांबला तर हत्यार उचलण्याआधी कान लावायचा. कोणता रिले 'टक' करून थांबला हे कळले की त्याच्या पुढचा स्विच मळला आहे किंवा सरकला आहे, हे ओघाने येते. मी हे शिकलो तेव्हा विजेच्या तारांचा नकाशा भिंतीवर चिकटवला होता. आता त्याची गरज पडत नाही. पत्नी म्हणते की मी गाडीशी जेवढे लक्ष देऊन बोलतो तेवढे पाहुण्यांशीही बोलत नाही. मुद्दा रास्त आहे.

तोटाही सांगतो. टप आत गेला की डिकीत सामानाला जागा जवळजवळ उरत नाही, आणि टप वर असतानाही उलट्या झाकणामुळे बॅग बाजूने वाकून आत सरकवावी लागते. दोघांनी मागच्या आसनावर बॅगा ठेवून निघावे, हेच बरे.

शिवडीकर :

मुंबईतून लिहितो आहे. आमच्याकडे आलिशान गाडी कधी नव्हती, पण आजोबा शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात होते. तो १९२८ मध्ये सुरू झाला. अमेरिकेहून सुटे भाग खोक्यांत येत आणि इथे शेव्हरोले गाड्या व ट्रक जोडले जात. पुढे सरकारने परदेशी कंपन्यांना निव्वळ जोडणी न करता भाग इथेच बनवा असे धोरण घेतले आणि १९५४ च्या सुमारास कंपनीने गाशा गुंडाळला. आजोबांना शेवटपर्यंत कोणतीही गाडी रस्त्याने गेली की तिच्या सायलेन्सरचा आवाज ऐकून मत द्यायची सवय होती आणि ते मत सहसा प्रतिकूल असे.

एक प्रश्न आहे. या इंजिनांच्या काळात पेट्रोलमध्ये शिसे असे. आता ते नसते. मग ही इंजिने टिकतात कशी?

गॅरेजवाला :

शिवडीकर, चांगला प्रश्न आहे. शिश्याचे एक काम इंजिनाचा ठोका (पेट्रोल अवेळी पेटून होणारा आवाज) थांबवणे हे होते आणि दुसरे, फारसे कोणाच्या लक्षात न येणारे काम म्हणजे एक्झॉस्ट वॉल्व्ह जिथे टेकतो त्या बैठकीवर पातळ थर धरणे. तो थर नसेल तर तापलेला वॉल्व्ह बैठकीला किंचित चिकटतो आणि उचलताना लोखंडाचे कण ओढून नेतो. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १ जानेवारी १९९६ पासून पूर्ण बंद झाले. ज्याने महामार्गावर तासन्‌तास गाडी पळवायची आहे त्याने इंजिन उघडले की कठीण पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्यात. महिन्यातून एकदोनदा सावकाश फिरणाऱ्याला त्याची घाई नसते.

मला शिश्यापेक्षा इथेनॉलचा जाच जास्त वाटतो. इथे अमेरिकेत पंपावरच्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या गाडीतल्या पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या नव्या प्रकारच्या रबराच्या बसवाव्या लागतात. तसेच या इंजिनांच्या टॅपेटना (वॉल्व्ह उचलणाऱ्या भागांना) जस्त जास्त असलेले ऑइल लागते. आजच्या गाड्यांसाठीच्या ऑइलमध्ये ते कमी केलेले असते, कारण त्याच्या जोडीने येणारे फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागाला, बाधते.

घाटवळण :

सगळ्यांचा हुरूप बघून थोडे विरोधी लिहितो, राग नसावा. माझ्या मावसभावाकडे सत्तरच्या दशकातली मोठी कॅडिलॅक होती आणि मी ती वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात चालवली आहे. ती गाडी वळत नाही, ती वळण्याचा विचार करते. स्टीअरिंग एका बोटाने फिरते, पण चाके रस्त्यावर काय करत आहेत याचा निरोप हातापर्यंत पोहोचतच नाही. त्याच काळातली जर्मन गाडी निम्म्या आकाराच्या इंजिनात चालकाला रस्त्याशी जोडून ठेवत होती. आरामाच्या नावाखाली चालकाला झोपवणे याला आलिशान म्हणावे का? शिवाय १९७० मध्ये ४०० अश्वशक्ती सांगणारे ८.२ लिटरचे इंजिन १९७६ मध्ये १९० वर आले होते. एवढ्या मोठ्या इंजिनातून एवढीच शक्ती, म्हणजे नुसते ओझे झाले.

मिशिगनकर :

घाटवळण, आपल्या मुद्द्यातला अर्धा भाग मला बिनशर्त मान्य आहे. माझ्या १९६४ च्या लिंकनला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक १९६५ पासून आले. अडीच टनांच्या आसपासची गाडी लांब उतारावर ब्रेकने रोखत राहिले की ड्रम तापून फुगतो, आतल्या पट्ट्यांपासून दूर जातो, पट्ट्यांची पकडही उष्णतेने कमी होते, आणि पायाखालचा पेडल खाली खाली जाऊ लागतो. अशा वेळी गिअर खालचा घालून इंजिनाने गाडी रोखणे आणि दोन दाबांमध्ये ब्रेकला उसंत देणे हाच उपाय. आमच्या घाटात ट्रकवाले जे करतात तेच.

आकड्यांबद्दल मात्र थोडी दुरुस्ती हवी. १९७१ पर्यंत अमेरिकी कंपन्या इंजिन एकटे, पंखा-जनित्र-सायलेन्सर काहीही न जोडता चाचणीच्या बाकावर चालवून शक्ती सांगत. १९७२ पासून सगळे जोडून मोजलेला आकडा देऊ लागल्या. त्यामुळे ४०० आणि १९० हे एकाच मापाचे आकडे नाहीत. धुरावरच्या निर्बंधांसाठी सिलिंडरातल्या दाबाचे प्रमाण कमी केल्याने शक्ती खरोखर घटली, हे आहेच, पण जेवढी दिसते तेवढी नाही.

आणि डोंगर. या गाड्या डोंगरासाठी केलेल्याच नव्हत्या. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे जाळे बांधायला घेतले. रुंद, सरळ, चौक नसलेले रस्ते. ओहायो ओलांडून इंडियाना आणि पुढे इलिनॉय, दोन्ही बाजूंना मक्याची शेते, सत्तरचा वेग आणि रस्त्याच्या काँक्रीटचे सांधे. त्या सांध्यांवरून आजच्या कडक गाडीत दर क्षणाला धक्का बसतो. लिंकनमध्ये तो कुठेतरी खाली विरून जातो आणि सहा तासांनी उतरलेला माणूस गप्पा मारण्याच्या स्थितीत असतो. जर्मन गाडीला याची गरज वेगळी होती, म्हणून तिचा उपायही वेगळा. गॅलनला दहा-बारा मैल एवढेच मिळत, याचे समर्थन मात्र करता येणार नाही आणि मी करतही नाही.

वुडवर्ड_ऑगस्ट :

मिशिगनमध्ये राहणाऱ्यांना एक सांगायचे राहिले. इथे २६ किंवा त्याहून अधिक वर्षे जुन्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची पाटी घेता येते. ती स्वस्त पडते, पण अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शने, मिरवणुका, क्लबचे कार्यक्रम एवढ्यासाठीच. ऑगस्ट महिना मात्र मोकळा. त्या महिन्यात ती कशासाठीही बाहेर काढता येते, आणि त्याच महिन्यात डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यू या रस्त्यावर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो, जो १९९५ मध्ये सुरू झाला. आमच्या घरी ऑगस्टमध्ये दूधसुद्धा १९७६ च्या कॅडिलॅक एल्डोराडोतून येते. दुकानासमोर दोन गाड्यांची जागा अडवली म्हणून कोणी अजून तरी तक्रार केलेली नाही. उलट एक बाई आपल्या वडिलांना गाडी दाखवायला घरून घेऊन आल्या होत्या.

एल्डोराडो उघड्या टपाची आहे. १९७६ मध्ये ही अमेरिकेतली शेवटची अशी गाडी, अशी जाहिरात झाली, लोकांनी गुंतवणूक म्हणून त्या घेऊन झाकून ठेवल्या, आणि पुढच्या काही वर्षांतच उघड्या टपाच्या गाड्या पुन्हा येऊ लागल्या. माझी अशाच एका निराश गुंतवणूकदाराकडची. त्याच्या निराशेचा मी आभारी आहे.

सांजवेळ :

मिशिगनकर, आपण "होती" असे लिहिले आहे. गाडी का दिली, हे विचारू का?

मिशिगनकर :

विचारण्यासारखेच आहे. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल गाडी गॅरेजमध्येच. बॅटरीला चार्जर लावलेला, पेट्रोलमध्ये ते खराब होऊ न देणारे औषध, टायरमध्ये हवा थोडी जास्त. उरलेल्या महिन्यांत काहीतरी काम निघणारच. खांद्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतर गाडीखाली जाणे मला जमेना आणि दुसऱ्याच्या हातून काम करून घेण्यात मला रस नव्हता. शेवटी एका तरुण सुताराने ती घेतली. त्याने पहिला प्रश्न वेगाबद्दल किंवा किमतीबद्दल न विचारता मागच्या दाराच्या बिजागरीबद्दल विचारला, तेव्हाच माझे ठरले. तो अधूनमधून फोन करून शंका विचारतो आणि मी तासभर बोलतो.

नवापाहुणा :

मी बरेच दिवस वाचत होतो, आज नाव नोंदवले. ओहायोत १९६५ ची कॉन्टिनेंटल विकायला आहे आणि शनिवारी पाहायला जाणार आहे. गाडीतले मला फार कळत नाही. काय बघावे?

गॅरेजवाला :

सर्वांत आधी गंज. या गाडीला वेगळी चेसिस (खालचा सांगाडा) नाही, खालचा पत्रा आणि वरचे शरीर एकच आहे. त्यामुळे दाराखालच्या पेट्या किंवा मागच्या स्प्रिंगांच्या बैठका कुजल्या असतील तर गाडीचा कणाच गेला असे समजा. लोहचुंबक बरोबर न्या. रंगाखाली पुट्टी भरली असेल तिथे तो धरणार नाही. पुढचे गालिचे उचलून गाडीच्या तळाचा पत्रा हाताने दाबून पाहा. चारही दारे एकेक करून उघडा आणि सोडा. ती उचलून लावावी लागत असतील तर बिजागऱ्या झिजल्या आहेत किंवा शरीर वाकले आहे. सगळ्या काचा, आसने आणि वायपर चालवून बघा. इंजिनाचे भाग मिळतात, पण या गाडीच्या आतल्या शोभेच्या पट्ट्या आणि मागच्या दिव्यांच्या काचा शोधताना दम निघतो. मी एक काच ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी भरणाऱ्या जुन्या भागांच्या बाजारात दोन दिवस फिरून मिळवली.

मिशिगनकर :

त्यात एवढीच भर घालतो की विक्रेत्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिन आपल्यासमोर कसे चालू होते, पहिल्या मिनिटात मागून निळा धूर येतो का आणि रात्रभर उभी असलेल्या गाडीखाली कुठल्या रंगाचे डाग पडले आहेत, हे पाहिले की निम्मी चौकशी तिथेच होते. तांबडे डाग गिअरबॉक्सचे किंवा स्टीअरिंगच्या तेलाचे, काळसर इंजिनाचे, हिरवट रेडिएटरच्या पाण्याचे. पहाटे लवकर निघा, आणि शक्य झाल्यास फोटो इथे टाका. किंमत ठरवण्याआधी टाका, नंतर नको.